आढावा बैठकीला जाताना: टक्क्यांच्या आधी फूट विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पंचगंगेकाठचं गाव, सरपंचपदाचं पहिलंच वर्ष आणि पुढच्या आठवड्यात तालुक्याची आढावा बैठक. हातात आलेल्या तक्त्यात ओढ्यावरच्या मोरीपुढे (छोट्या पुलापुढे) ‘85 टक्के पूर्ण’ लिहिलंय आणि कृषीच्या रकान्यात ‘उद्दिष्ट साध्य’. प्रत्यक्षात मोरीच्या दोन्ही अंगाला खड्डे आहेत आणि गेल्या पुराच्या अनुदानासाठी लोक अजून सेवा केंद्राच्या दारात उभे आहेत. बोलायला पाच मिनिटं मिळणार, त्यात काय विचारू, असं तुम्ही म्हणता. मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या बांधकामाकडे काढली, म्हणजे असले तक्ते भरणाऱ्यांच्या बाजूला होतो. म्हणून आतलं सांगतो.

तक्त्यातले टक्के बहुतेक वेळा पैशाचे असतात. अंदाजपत्रकातल्या रकमेपैकी किती रकमेचं काम मोजून झालं किंवा किती बिल निघालं, तेच ‘प्रगती’ म्हणून खाली उतरतं. यात कुणी खोटं बोलतोच असं नाही, रकानाच तसा असतो. पण मोरीच्या कामात पैसा कुठं जातो बघा. पाया, खांब, स्लॅब यांतच मोठा वाटा संपतो. मागं राहतात विंगवॉल म्हणजे कडेच्या भिंती, जोडरस्त्याचा भराव आणि भरावाचं दगडी पिचिंग म्हणजे अस्तर. पैशात ही कामं किरकोळ, पण पूर आला की तो पहिला हात त्यांनाच घालतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 2005 च्या उन्हाळ्यात एका मोरीपुढे मीच ‘90 टक्के’ लिहिलं होतं. स्लॅब झाला होता, वरून बैलगाडी जात होती. भराव कच्च्या मुरमाचा, पिचिंग ‘पावसाळ्यानंतर करू’ म्हणून ठेवलेलं. जुलैच्या शेवटी पाणी आलं. ओसरल्यावर बघायला गेलो तर मोरी शेतात टेबल मांडल्यासारखी सुटी उभी, आणि दोन्ही बाजूंचा रस्ता नाहीसा. पलीकडच्या वस्तीला पुढं दोन महिने वळसा पडला. स्लॅबला साधी चीरही नव्हती. माझा आकडा कागदावर बरोबर होता, एवढंच काय ते समाधान.

म्हणून पूरपट्ट्यात मी आता एकच माप धरतो, ते फुटांचं. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पाठ आहे. (सांगलीकरांना आयर्विन पुलाचे 40 आणि 45.) 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर. बैठकीच्या आधी एक संध्याकाळ जुन्या माणसांबरोबर बसा आणि लिहून काढा. राजारामला किती फूट झाल्यावर आपल्या ओढ्याला फुगवटा येतो, म्हणजे पाणी मागं तुंबतं? किती फुटाला मोरीवर पाणी चढतं? शाळेचा रस्ता कधी तुटतो, नळपाणी योजनेचं जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) कधी बुडतं, नदीकाठचा विजेचा डीपी कधी उतरवावा लागतो? लोक फुटात सांगणार नाहीत, ‘मारुतीच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की’ असं सांगतील. ती पायरी आणि त्या दिवसाची बंधाऱ्यावरची पातळी जुळवायचं काम तुमचं. ग्रामपंचायतीत कुणी ना कुणी त्या दिवसांचे फोटो जपलेले असतात, त्यावर तारीख असते.

हा कागद हातात असला की प्रश्न बदलतो. ‘काम कधी पूर्ण होणार?’ याला ‘लवकरच’ हे उत्तर तयार असतं. ‘राजारामला 41 फूट झालं की या मोरीवरून पाणी जातं, या वर्षी 41 ला रस्ता चालू राहील का?’ याला होय किंवा नाही म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर लगेच पुढचं विचारा: मग जूनच्या आधी तात्पुरतं काय करून देणार? निदान भरावाला दगड आणि पाणी काढून द्यायला पाइप, एवढं तरी मागून घ्या.

एक सावधगिरी. गावकरी तुम्हाला ‘रस्ता चार फूट उचलून मागा’ म्हणतील. नुसता उचललेला रस्ता म्हणजे नदीला आडवा घातलेला बांध. मोऱ्या पुरेशा नसतील तर पाणी वरच्या बाजूच्या घरांत तुंबतं आणि तिथले लोक रात्री येऊन रस्ता फोडतात, हे मी पाहिलंय. पुणे-बंगळूरु महामार्ग 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ बंद पडला, तेव्हापासून भराव की खांब हा वाद आपल्याकडं चालूच आहे. तुमच्या रस्त्यालाही उंचीबरोबर पाण्याची वाट किती चौरस मीटरची ठेवलीय, ते विचारा.

आता कागदपत्रं. ‘काम प्रगतीत’ हा शब्द फार मोठ्या पोटाचा आहे. त्यात कालच निविदा निघालेलं कामही मावतं आणि ठेकेदार वर्षापूर्वी सोडून गेलेलंही. प्रत्येक कामाच्या चार तारखा मागा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश आणि त्या आदेशातली मुदत. मुदत संपली असेल तर मुदतवाढ कुणी दिली, दंड लावला का? बहुतेक वेळा गाडं पहिल्या दोन तारखांतच अडकलेलं दिसेल. आपल्याकडं कामाचा हंगाम मुळात आखूड. पावसाळा संपून ओढ्याकाठची जमीन वाळेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो, तोवर उसाच्या तोडी आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू. मेअखेर हात आवरावा लागतो. आणि सगळं बिल मार्चमध्ये काढायची घाई. जानेवारीत कार्यारंभ आदेश निघालेली मोरी त्या जूनला धड उभी राहत नाही. त्यामुळं आढाव्यात पुढच्या वर्षाच्या कामांचंही विचारून ठेवा. दिवाळीपर्यंत आदेश निघाला तरच ते काम पुढच्या पुराआधी होईल.

आणि कुणाला विचारताय ते पाहून घ्या. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं. बंधारा आणखी तिसऱ्याकडं. चुकीच्या साहेबांना विचारलं की ते ‘आमच्याकडं येत नाही’ म्हणतात आणि तुमची पाच मिनिटं संपतात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा जवळ असेल तर एवढंच विचारा की बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) कोणत्या तारखेपर्यंत निघणार आणि काढणारी माणसं ठरलीत का. दरवर्षीचं काम आहे, म्हणूनच विसरतं.

मोजमापाबद्दल. शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत म्हणजे एमबीत लांबी, रुंदी, जाडी लिहितो आणि त्यावर बिल निघतं. समजा तुमच्या पाणंद रस्त्याचं खडीकरण 1,200 मीटर लांब, 3.75 मीटर रुंद, 75 मिलिमीटर जाड असं नोंदवलंय. गुणाकार केला की 337.5 घनमीटर. आता रस्त्याच्या कडेला नाही, मधोमध, तीन-चार ठिकाणी वीतभर खड्डा घ्या. दबलेल्या खडीचा थर टेपनं मोजा. सगळीकडं 50 मिलिमीटर भरला तर खडी 225 घनमीटरच पडली, 112.5 घनमीटर हवेत. पण हे शाखा अभियंत्याला बरोबर घेऊनच करा, बैठकीच्या आधी. त्याला भर सभेत उघडं पाडलंत तर तो पुढची पाच वर्षं तुमची फाइल तळाला ठेवील. जागेवर दाखवलंत तर निम्म्या वेळा तो ठेकेदाराला स्वतःच कामाला लावतो. अडवणूक झालीच तर माहिती अधिकार आहे. त्यात कागदाची प्रत मिळते तशी कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क आहे, हे फार जणांना माहीत नसतं. उत्तराला 30 दिवसांची मुदत, म्हणजे या बैठकीला उपयोग नाही, पुढच्या बैठकीसाठी अर्ज आजच टाका.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं आपल्याकडं पूर वाढतो का, हा विषय निघणारच. निघू द्या, जेवढं बोलायचं तेवढं लोक बोलतील. धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 करायची की नाही, हे तालुक्याच्या सभागृहात ठरत नाही. त्यात अर्धा तास गेला तर तुमच्या मोरीवाल्या साहेबांना आनंदच होईल.

शेतीचा रकाना मात्र नीट उलगडून घ्या. ‘उद्दिष्ट 400, साध्य 380’ यातलं साध्य म्हणजे नेमकं काय? महाडीबीटीवर (अनुदानाच्या अर्जांचं सरकारी पोर्टल) ठिबकचा किंवा अवजाराचा अर्ज गेला की निवड, मग कागदपत्रं, मग पूर्वसंमती, मग खरेदी करून बिल चढवायचं, मग मोका म्हणजे जागेवरची तपासणी, आणि सगळ्यात शेवटी खात्यावर पैसे. काही तक्त्यांत पूर्वसंमती दिली की साध्य धरतात. शेतकऱ्यानं तर उसनवारी करून यंत्र घेतलेलं असतं. म्हणून विचारा: यातल्या किती जणांच्या खात्यावर अनुदान जमा झालं, आणि बिल चढवून तीन महिने झालेले किती?

पुराच्या अनुदानाचं जरा सविस्तर सांगतो, कारण खरी वणवण तिथं आहे. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये, 2 हेक्टरच्या मर्यादेत. आपल्या भाषेत, बागायतीला गुंठ्याला 170 रुपये. राज्य सरकार कधी वेगळा निर्णय काढून दर किंवा मर्यादा वाढवतं, म्हणून ‘कोणत्या तारखेच्या शासन निर्णयानं वाटप चाललंय’ हे विचारून त्याची प्रत चावडीवर लावा, निम्मी भांडणं मिटतील. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ बसला असेल तर अल्पभूधारकाला गाळ काढायला हेक्टरी 18,000, आणि नदीनं पात्र बदलून जमीनच नेली तर 47,000. पंचनाम्यात फक्त ‘पीक नुकसान’ लिहिलं गेलं तर ही बाब सुटते. काठच्या किती गटांचा गाळ आणि खरडीचा (जमीन वाहून गेल्याचा) पंचनामा झाला, हे वेगळं विचारा.

उसाचं नुकसान पाणी ओसरल्या दिवशी दिसत नाही. हिरवागार उभा असतो. पोंग्यात म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत गाळ शिरलेला असतो, आठ-दहा दिवसांनी शेंडा ओढला तर कुजका हातात येतो, वास मारतो. मग बाजूचे डोळे फुटून पांगशा निघतात. घाईत झालेल्या पंचनाम्यात असा ऊस ‘33 टक्क्यांच्या आत’ गेलेला सापडतो. तुमच्या गावात असं झालं असेल तर गट नंबरांची यादी घेऊन जा. आणि आपल्याकडं उसाला पीक विमा नाही, त्यामुळं विम्याच्या आशेवर कुणाला ठेवू नका. सोयाबीन, भुईमूग, भातवाल्यांनाही सांगा की 2025 च्या खरिपापासून एक रुपयात विमा बंद झालाय आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडलेल्या शेतातलं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर ठरते. तेव्हा तुमच्या महसूल मंडळातले प्रयोग कोणत्या शेतात होतात तिकडं लक्ष ठेवा.

सेवा केंद्राच्या दारातली रांग तीन कारणांची असते. यादीत नाव आणि विशिष्ट क्रमांक आहे पण ई-केवायसी झालेली नाही. सामाईक खातं आहे आणि भावाचं संमतीपत्र नाही. किंवा खातेदार वारलाय आणि वारस नोंद झालेली नाही. या तिन्हींची वेगवेगळी मोजदाद ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (आपला तलाठीच, 2024 पासून नाव बदललंय) आधीच घ्या. मग तहसीलदारांना ‘अनुदान मिळालं नाही’ म्हणण्याऐवजी ‘सामाईक खात्यांसाठी गावात एक दिवस शिबिर द्या’ म्हणता येतं. हे ते तिथल्या तिथं मान्य करतात, कारण त्यात त्यांचा खर्च नाही.

शेवटी इतिवृत्त. ‘तात्काळ कार्यवाही करावी’ असं छापून येईल, त्याला अर्थ नाही. बैठकीतच उभं राहून ‘उपअभियंता, 25 मेपर्यंत पिचिंग’ असं पद आणि तारीख घालून घ्या, आणि लेखनिकानं लिहिलं का ते डोळ्यांनी पाहा. प्रत आठ दिवसांत मागा. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच्या अनुपालन अहवालानं व्हावी, असं आमदारांना आधीच फोनवर सांगून ठेवा. त्यांनाही ते सोयीचं असतं.

टेप 30 मीटरचा घ्या. शिंप्याचा किंवा सुताराचा टेप घेऊन मोजायला गेलेले सरपंच मी पाहिलेत, ठेकेदाराची माणसं कडेला उभी राहून हसतात. आणि मोरीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं फुटांच्या खुणा या उन्हाळ्यातच मारून घ्या. शून्य कुठं धरायचा ते शाखा अभियंत्याला विचारा, तो लेव्हल लावून देईल.