वादळांचं वेड आहे ना, मग गणित सोडू नका

ताई, पत्र वाचलं. लेक अकरावी सायन्सला, २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनची तुमची पोफळीची बाग आडवी झाली तेव्हापासून तिला चक्रीवादळांचं वेड, आणि घरचे म्हणतायत गणित जड जातंय तर सोड, भूगोलात बीए कर, हवामान त्यातच येतं. मी स्पष्टच सांगते, गणित सोडू देऊ नका.

तिने तुम्हाला विचारलेला प्रश्नच बघा, समुद्र तापला की वादळ होतं तर मग जुलैत का होत नाही? फार भारी प्रश्न आहे हो हा! पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर गेलं, तेही नुसतं वरवर नाही तर पन्नासेक मीटर खोलपर्यंत, की वादळाला इंधन मिळतं, म्हणजे वाफ वर जाते, तिचे ढग होताना उष्णता सुटते, हवा अजून वर चढते, खाली दाब घसरतो आणि आजूबाजूची दमट हवा आत ओढली जाते, असं ते वाढत राहतं. जुलैतही अरबी समुद्र बराचसा तेवढा गरम असतो, पण मान्सूनमध्ये खाली पश्चिमेचे वारे आणि खूप उंचावर पूर्वेचे जोरदार वारे, त्यात वादळाची उभी रचनाच मोडते. म्हणून निसर्ग जूनच्या सुरुवातीला, तौक्ते वादळ मे मध्ये, म्हणजे मान्सून जोर धरण्याआधी. शिवाय वादळ समुद्र घुसळून खालचं गार पाणी वर आणतं, गरम थर पातळ असेल तर त्याचा जोर तिथेच ओसरतो.

हे आधी सांगता यायचं तर फिजिक्स, गणित आणि थोडं कोडिंग लागतंच. भूगोलवालेही आपत्ती व्यवस्थापनात, नकाशांच्या कामात छान करतात, पण तिचा प्रश्न तिकडचा नाही.

बारावीनंतर जवळच्या कॉलेजात बीएस्सी फिजिक्स चालेल, मग एमएस्सीला पुणे विद्यापीठात अ‍ॅटमॉस्फेरिक सायन्स म्हणजे वातावरणाचं शास्त्र, किंवा कोचीच्या कुसाट विद्यापीठात ओशनोग्राफी म्हणजे समुद्राचं शास्त्र, आयआयटीत जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत संशोधन करायचं तर बहुतेक वेळा पीएचडीपर्यंत जावं लागतं, तेवढी वर्षं द्यायची घरची तयारी आहे का ते आत्ताच बोलून घ्या. अरबी समुद्रातली वादळं वाढलीयत आणि जास्त दिवस टिकतायत हे आयआयटीएमच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलंय, तेव्हा काम कमी पडणार नाही.

गणितात नक्की कुठे अडतंय, ट्रिगमध्ये म्हणजे त्रिकोणमितीत की अजून कशात, ते तिलाच लिहून पाठवायला सांगा, त्याप्रमाणे पुढचं सांगते.