मावशी, सुनेला फोन लावा

"पोरगा अन् सून दिवाळी झाल्यावर उसाला गेले, कोल्हापूरकडं. नातू माझ्यापाशी हाय, दुसरीला. दर आइतवारी फोन करतो म्हणला पोरगा. दोन आइतवार गेले, फोन नाही. मी लावला तर लागंना. फोन उशाला घेऊन पडते, डोळा लागत नाही. सुनेजवळ साधा फोन हाय, पर तिला काय विचारायचं? जिवाला घोर लागलाय."
– एक आई, वडवणी तालुका, बीड

मावशी, पत्र वाचून खरं सांगते, मला रागच आला. सुनेजवळ फोन आहे! आणि तुम्ही रात्र रात्र जागताय?

म्हणे, तिला काय विचारायचं. अहो, पोरगा धडधाकट आहे का, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिली ती एकट्या पोराला नाही, कोयत्याला दिली. कोयता म्हणजे नवरा-बायको. त्यातला अर्धा कोयता तुमची सून आहे. पहाटे उठून भाकरी थापायच्या, मग दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या. गाडी रात्री एकला आली तरी भरायला उठायचं.

आइतवाराचं म्हणाल तर फडाला, म्हणजे तोडणीच्या शेताला, वार नसतो. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. एक दिवस बसलं की खाडा पडतो, पैसे कापले जातात. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, लाइट नाही. पोराचा मोठा फोन संध्याकाळपर्यंत मरत असेल. साधा फोन दोन-तीन दिवस टिकतो, आणि नेमका तोच तुम्ही लावत नाही.

आज दिवेलागणीला लावा. "तो कुठंय?" हे आधी विचारू नका. जेवलीस का, अंग दुखतंय का, अंगावर काही दुखणं काढतेस का, ते विचारा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात म्हणून २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्याआधी किती सासवांनी चौकशी केली होती, देव जाणे. आणि हो, नातवाच्या हातात फोन द्या. त्याची आई आहे ती. तुमच्या पत्रात हे कुठं दिसलंच नाही.

पोराचं सगळ्यात शेवटी.

तिचाही फोन लागला नाही, तर मुकादमाचं घर गाठा. टोळी कुठल्या फडावर आहे, हे त्याच्या घरच्यांना माहीत असतं. उचल द्यायला तो तुमच्या दारात आला होता ना?