लोकलच्या गर्दीत बॅग दाबली गेल्यापासून लॅपटॉपच्या स्क्रीनवर रेषा येतायत. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरं कसं ओळखायचं?

लॅपटॉप नेहमीसारखा चालू होतो, आवाज येतो, फक्त डाव्या कोपऱ्यात काळा डाग आणि त्याच्या शेजारी उभ्या रंगीत रेषा, असं तुम्ही लिहिलंय. मी दुरुस्तीच्याच कामात आहे, आणि एवढ्यावरून बोर्ड गेला म्हणणं मला पटत नाही. बोर्डाला इतक्यात होकार देऊ नका.

आधी घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडा आणि विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबा, डुप्लिकेट निवडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर बोर्डावरची, चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप ठणठणीत आहे आणि बिघाड बहुधा स्क्रीनमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये आहे. टीव्हीवरही त्याच रेषा आल्या, तरच बोर्डाचा विषय काढायचा. टीव्ही जोडलेलाच आहे तर सगळ्या फायलींचा बॅकअपही तेव्हाच घेऊन टाका. दुकानात मशीन देण्याआधी हे झालंच पाहिजे.

आता पॅनल, म्हणजे खुद्द स्क्रीन, की केबल? झाकण हळूहळू पुढे-मागे करा. कोन बदलला की रेषा येतात-जातात, थरथरतात, असं असेल तर बिजागरीतून जाणारी डिस्प्ले केबल दबली किंवा सैल झाली असणार, आणि हे काम त्यामानाने स्वस्तात होतं. पण तुमचा तो काळा डाग मला खटकतोय. पॅनलमध्ये काचेचे दोन पातळ थर असतात आणि मध्ये लिक्विड क्रिस्टल. काच तडकली की ते पसरतं आणि शाई सांडल्यासारखा डाग दिसतो. लॅपटॉप बंद करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, तडा असेल तर बहुतेक वेळा तिथेच दिसेल. बोट फिरवून मात्र काही कळणार नाही. टचस्क्रीन नसलेल्या पॅनलवर वर प्लास्टिकची फिल्म असते, त्यामुळे आतली काच फुटली तरी हाताला सगळं गुळगुळीतच लागतं. डागावर दाबून बघू नका, तो वाढतो.

तडा निघाला तर पॅनल बदलण्याशिवाय इलाज नाही. मात्र बाहेर कुठे उघडण्याआधी वॉरंटीचे कागद बघा. साध्या वॉरंटीत फुटलेली स्क्रीन बसत नाही, पण काही जणांनी अपघाती नुकसानीचं वेगळं कव्हर घेतलेलं असतं आणि ते विसरलेले असतात.

कव्हर नसेल तर मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठा. तिथे नुसतं ‘१५.६ इंची द्या’ म्हणून चालत नाही. जुन्या पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर जुळवून घ्या, कारण त्याच मापात ३० पिनचं आणि ४० पिनचं अशी वेगळी पॅनल येतात, रिझोल्यूशनही वेगळं असतं. लावून झालं की पैसे देण्याआधी पांढरा, काळा, लाल असे पूर्ण रंग स्क्रीनभर लावून मेलेले ठिपके तपासा.

आणि एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: कारागिराने स्क्रीनची केबल काढण्याआधी बॅटरीची पिन काढली पाहिजे. चार्जर काढला तरी बॅटरीतून बॅकलाइटच्या, म्हणजे स्क्रीनला उजेड देणाऱ्या दिव्यांच्या, लाइनला वीज येऊ शकते. अशात केबल काढ-घाल केली तर बोर्डावरचा फ्यूज उडतो आणि नव्या पॅनलवरही अंधारच राहतो. मग चांगला बोर्ड खरोखरच दुरुस्तीला जातो.

पुढच्या वेळी बॅगेत चार्जर लॅपटॉपच्या कप्प्यात ठेवू नका. डब्यातल्या रेट्यात त्याचा ठोकळा झाकणावर एकाच जागी दाबला जातो, आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पॅनलचा तडा नेमका तिथूनच सुरू झालेला असतो.

टीव्हीवर काय दिसलं आणि झाकण हलवल्यावर रेषा बदलतात का, ते खाली लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.