तुझ्या रोमन 'युनियन'बद्दल, जरा मोकळेपणाने

अगं, रोमन काळातल्या व्यापारी-कारागिरांच्या संघांवरचा तुझा ड्राफ्ट काल रात्री एका बैठकीत वाचून काढला. मेहनत दिसते, पण पानापानावर युनियन युनियन वाचून डोकं दुखायला लागलं बघ. तो शब्द आधी काढ. या संघांतली माणसं कुणाच्या पगारावर नव्हती, स्वतःच धंदेवाली होती, भांडायचं कुणाशी?

मी काय म्हणते, सगळं साम्राज्य एका प्रकरणात कोंबण्यापेक्षा टेब्टुनिसचा एकच पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचा दस्तऐवज) घेऊन बस. इजिप्तमधलं फायूमचं गाव, साल इ.स. 47, मीठ विकणाऱ्यांचा आपसातला करार. कुणी कुठल्या गावात विकायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलंय, भाव बांधलेत, चांगलं मीठ अडीच ओबोल (छोटं नाणं, सहांचा एक द्राख्मा), हलकं दोन, त्याहून हलकं दीड, आणि याच्या खाली विकलंस तर 8 द्राख्मा दंड संघाला आणि तेवढेच सरकारी खजिन्यात! म्हणजे उघड उघड भाव पाडायचा नाही ही दादागिरी, आणि त्याच कागदात पुढे महिन्याच्या 25 तारखेला सगळ्यांनी एकत्र बसून बिअर प्यायची, माणशी एक ठरलेलं माप, तीनेक लिटर होतं ते. तू हा बिअरचा भाग तळटीपेत टाकलायस, मला तर तोच मुख्य वाटतो. ज्याच्यासोबत दर महिन्याला प्यायला बसायचंय त्याचं गिऱ्हाईक पळवताना माणूस दोनदा विचार करेल की नाही?

त्याच गावच्या दुसऱ्या एका संघाच्या नियमात लग्न झालं तर 2 द्राख्मा भर, मुलगा झाला तर 2, मुलगी झाली तर 1. (मुलगी झाली की सूट, घ्या!)

फ्रान्समधल्या निमचं अँफिथिएटर (खेळ बघायचं गोल प्रेक्षागृह) मात्र ठेव, तिथे रोन आणि सोन नद्यांवरच्या नावाड्यांसाठी 40 जागा राखून ठेवल्याचं दगडावरच कोरलंय. गावाने आपल्याला मानलंय हे सगळ्यांना दिसायला नको का. सम्राट ट्रेजनचं पण ठेव, त्याचा प्रांताधिकारी प्लिनी याने निकोमेडियात (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) आग विझवायला फक्त 150 जणांचा संघ मागितला तर सम्राट नाही म्हणाला, अशी मंडळं शेवटी राजकारणात शिरतात म्हणे.

आणि हिएरापोलिसचा (हेही आजच्या तुर्कस्तानातलंच) ग्लायकॉन एका ओळीत उरकू नकोस गं. त्याने थडग्यावर कोरून ठेवलंय की जांभळा रंग देणाऱ्यांच्या संघाकडे 200 दिनार, गालिचे विणणाऱ्यांकडे 150, त्याच्या व्याजातून ठरलेल्या सणांना माझ्या थडग्यावर हार घाला. आता नाशिकच्या पांडवलेण्यातला उषवदाताचा (क्षत्रप नहपानाचा जावई) लेख आठव, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (म्हणजे संघांकडे) 2000 आणि 1000 कार्षापण नाणी ठेवली, व्याज भिक्खूंच्या चीवरासाठी (वस्त्रांसाठी) आणि वरखर्चासाठी. दोन्हीकडे विणकरांचा संघच बँकेसारखा! एकाने दुसऱ्याचं उचललं असं मात्र चुकूनही लिहू नकोस, तसा काहीच पुरावा नाहीये, नुसतं शेजारी ठेव.

पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा एक गोष्ट सांग मला. मीठवाल्यांच्या करारात बिअरला दांडी मारली तर गावात 1 द्राख्मा दंड, गावाबाहेर 4, आणि जिल्ह्याच्या शहरात 8. शहरात एवढा का गं?