गर्भपाताची चिठ्ठी मी लिहायची का?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. घर माळकरी. गर्भपात मनाला पटत नाही, म्हणून मी करत नाही. परवा ऊसतोडीला जाणारी एक बाई आली. तीन लेकरं, नववा आठवडा. 'इथं होत नाही' म्हणून तिला परत पाठवलं. कुठं होतं, तेही सांगितलं नाही. सांगितलं की आपणही पापात वाटेकरी, असं वाटतं. माझं चुकलं का?

उत्तर : डॉक्टरताई, पत्ता सांगितला नाहीत, तिथं चुकलं.

मीही हरिपाठाच्या घरातलीच. बीड जिल्ह्यात नोकरीत असताना एक बाई रात्री बाजेवर घालून आणली होती. अंगात फणफणता ताप, लुगड्याला वास. गावात कुणीतरी गर्भ पाडायला काडी घातली होती. पदराची गाठ सोडली तर आत एसटीची चुरगळलेली तिकिटं, एकाच दवाखान्याला घातलेल्या दोन हेलपाट्यांची. कोयत्याची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, घेतलेली. दसऱ्यानंतर टोळी निघाली की खाडा परवडत नाही. बाई वाचली, गर्भपिशवी काढावी लागली. तिला परतवणारे डॉक्टर सज्जन होते. पुढं काय झालं, ते त्यांच्या कानावर कधी गेलंच नाही.

आपल्या 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यात डॉक्टरच्या सदसद्विवेकासाठी वेगळं कलम नाही. उलट डॉक्टरांची 2002 ची आचारसंहिता म्हणते, वैद्यकीय गरज असताना निव्वळ धर्माच्या कारणावरून नकार देऊ नये. ब्रिटनच्या 1967 च्या गर्भपात कायद्यात नकाराची मुभा आहे, जीव वाचवायचा असेल तेव्हा नाही. तिथंही ग्लासगोच्या दोन सुइणींच्या खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की सूट प्रत्यक्ष हात लावण्यापुरती. नकार देणाऱ्यानं बाईला दुसऱ्याकडं पाठवायलाच हवं. मला हे मनापासून पटतं. नाखूश हातानं कुणावर उपचार व्हावेत असं मलाही वाटत नाही. पण मग वरिष्ठांना लेखी कळवा, म्हणजे दुसरी सोय लावता येईल. रक्तस्रावाची बाई आली तर मात्र आधी तिचा जीव.

काहींचा नकार श्रद्धेचा नसतो, भीतीचा असतो. परळीत 2012 साली बेकायदा लिंगनिदान आणि गर्भपाताचं प्रकरण उघडकीस आलं, त्यानंतर हे मी फार पाहिलं. लिंगनिदानाचा कायदा वेगळा आणि हा वेगळा. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आणि बाई 18 वर्षांची असेल तर संमती फक्त तिचीच. नवऱ्याची सही लागत नाही.

अंक निघेपर्यंत थांबणं बरं नव्हतं, म्हणून हे तुम्हाला फोनवर आधीच सांगितलं. पुन्हा सांगते : त्या बाईला आशाताईंकडून 'मॅडमनी बोलावलंय' एवढाच निरोप धाडा, बोलावण्याचं कारण कुणालाच कळू देऊ नका. चिठ्ठीवर पाळीची शेवटची तारीख लिहा, उपजिल्हा रुग्णालयाची ओपीडी कोणत्या वारी असते ते लिहा. टोळी निघायच्या आत ती तिथं पोचायला हवी.