ब्लश आणि हायलायटरचा एकत्र सेट घ्यायचाय, काय बघून घेऊ?
आधी त्वचा बघा. तेलकट असेल तर पावडरचा सेट, कोरडी असेल तर क्रीमचा. कोरड्या गालांवर पावडर नीट बसत नाही, पापुद्रे उठून दिसतात.

ब्लश गोऱ्या रंगाला फिकट गुलाबी किंवा पीच, गव्हाळला कोरल, सावळ्याला बेरी, विटकरी, अगदी केशरीसुद्धा छान दिसतो. डबीत भडक वाटला म्हणून बिचकू नका. सावळ्या गालावर फिकट गुलाबीच उलट राखेसारखा दिसतो.

खरी फसगत हायलायटरमध्ये, म्हणजे चमक देणाऱ्या भागात होते. बोटावर थोडा घेऊन दिवसाच्या उजेडात धरा. सलग, ओलसर तकाकी दिसली तर घ्या. सुटे कण चमकले तर ठेवून द्या. गव्हाळ-सावळ्या रंगाला शॅम्पेन (फिकट सोनेरी) किंवा सोनेरी शोभतो, पांढरट चंदेरी नको. मुरमांवर तो लावू नका, ते अजूनच उठून दिसतात.

आठ-दहा शेडच्या पॅलेटचा मोह टाळा. माझ्याकडच्या एकात दोनच शेड संपत आल्यात, बाकी तशाच! दोन ब्लश, एक हायलायटर पुरे. आणि पॅकच्या मागच्या बाजूला उघड्या डबीच्या चिन्हात '12M' असेल, तर उघडल्यापासून १२ महिनेच वापरायचं.