सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींचा वस्तीला उपयोग कसा करून घ्यावा?

तुमच्या सोसायटीत निम्मी माणसं साठीच्या पुढची आहेत आणि त्यांना सोबत घेऊन काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. कुर्ला पूर्वेला आमची ४२ बिऱ्हाडांची सोसायटी आहे, मी तिथला सेक्रेटरी. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला शाल-श्रीफळ आम्हीही देऊन पाहिलं. त्यापेक्षा एखादं अडलेलं काम सोपवा, आणि निर्णयही त्यांनाच घेऊ द्या.

आमचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं, अडलं होतं. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटमालकीच्या कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने ते करून द्यायचं. आमची नोंदणी १९९४ची! बिल्डर करत नसेल तर सरकारी ऑर्डरने ते मिळवायचं, ते डीम्ड कन्व्हेयन्स. त्याला प्रत्येक फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड (जमिनीच्या मालकीचा उतारा) असं काय काय लागतं. आम्ही नोकरदार मोकळे शनिवारी, तेव्हा सरकारी ऑफिसं बंद. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना गळ घातली. महसूल खात्यातून रिटायर झालेले, स्वभावाने तुसडे. म्हणाले, "करतो, पण ग्रुपवर कोणी मला अक्कल शिकवायची नाही."

कापडी पिशवीत फाईल, स्टॅपलर, पाण्याची बाटली. कागद दिला की पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही आणि आवक क्रमांक लगेच लाल शाईने डायरीत. दीड वर्षाने ऑर्डर हातात आली तेव्हा आम्ही पेढे वाटायला निघालो, तर काका म्हणाले, "प्रॉपर्टी कार्डावर नाव चढू दे आधी." स्कॅनिंग त्यांना जमेना, ते बी.कॉम.ची एक मुलगी करायची. दोघांची भांडणंही व्हायची, पण फाईल हलत राहिली.

रिक्षाभाडं, झेरॉक्सचे पैसे मात्र सोसायटीने द्या. आणि 'काका घरीच असतात' म्हणून सगळ्यांची पार्सलं त्यांच्या गळ्यात मारू नका. आम्ही ते केलं होतं. आठवड्याभरात त्यांनी बेल बंद करून टाकली.

सगळ्यांनाच ऑफिसच्या खेपा झेपतील असंही नाही. मागच्या वर्षी मीटरचे बोर्ड बदलताना इलेक्ट्रिशियनने कमरेच्या उंचीवर खुणा केल्या. तळमजल्यावरच्या आजी वॉकर घेऊन बाहेर आल्या, भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "सव्वीस जुलैला पाणी इथवर होतं." २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता, हा आकडा मला पाठ आहे. पण आमच्या जिन्यात पाणी कुठवर चढलं, ते कमिटीत कोणालाच माहीत नव्हतं. इलेक्ट्रिशियन कुरकुरला, मग त्याने सगळ्या खुणा पुसल्या आणि शिडी मागवली.